पेवातले प्रबंध

श्रोते हो, नमस्कार.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं आपल्याकडे जुन्या माणसांना सांगायला नकोत. जमिनीत खोल खणलेली, वर जेमतेम माणूस उतरेल एवढं तोंड. हळद भरायची, तोंड माती घालून लिंपून टाकायचं. आत हवा नाही म्हणून कीड नाही, माल वर्षानुवर्षं टिकायचा. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि यातली पुष्कळ पेवं गेली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रंथालयात एम.ए.ची एक विद्यार्थिनी आली. तिला याच हळदीच्या व्यापारावरचा एक पीएच.डी.चा प्रबंध हवा होता. तो आमच्या संस्थेच्या ऑनलाइन भांडारात होता, कुणालाही फुकट उतरवून घेता येईल असा. ही मुलगी जन्मापासून अंध. लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरते, म्हणजे पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवणारी आज्ञावली. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं ती २००६ मध्ये लिहायला घेतली. मोफत मिळते आणि मराठीही बोलते.

तिनं फाइल उघडली. लॅपटॉप गप्प. बाण दाबून पाहिला, पान बदललं, तरी गप्प. "सर, यात काहीच नाही," ती म्हणाली. मी डोकावलो तर पानभर मजकूर! पण तो मजकूर नव्हताच, मजकुराचे फोटो होते. पान जरा तिरकं, आणि उजव्या कडेला एका अंगठ्याची सावली. तो अंगठा माझा. बारा वर्षांपूर्वी ते स्कॅनिंग मीच केलं होतं, आणि 'सगळे प्रबंध खुले केले' म्हणून शाबासकीही घेतली होती.

खुले केलेले प्रबंध सगळ्यांना वाचता यावेत, या विषयावर आज बोलायला उभा आहे तो त्या अंगठ्यामुळे.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९ च्या नियमावलीत पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची केली. त्या प्रती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात जातात. फार मोठं काम झालं ते. पूर्वी प्रबंध म्हणजे काळं रेग्झिन, सोनेरी अक्षरं आणि कुलूपबंद कपाट. आता विट्यातला किंवा जतमधला मुलगा मोबाइलवर दुसऱ्या विद्यापीठातला प्रबंध वाचू शकतो. पण खुलं असणं आणि वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हा ग्रंथपालांच्या फार उशिरा लक्षात आलं.

कायद्याची बाजू तशी भक्कम आहे. अपंगांसाठी पुस्तक वाचनीय स्वरूपात आणणं हा २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइटचा भंग ठरत नाही. याच विषयावरच्या माराकेश करारावर २०१४ मध्ये सर्वांत आधी शिक्कामोर्तब करणारा देश भारतच. अडतं ते टायपिंगच्या दुकानात!

आता जरा ऐका. मी 'मराठी' हा शब्द कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला, तर डोळ्यांना तो 'मराठी' दिसतो. संगणकाच्या पोटात मात्र तो साठतो ई, जे, के, बी, एच असा. स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो. अशी तीनशे पानं कानात घेऊन पाहा! आणि हे फक्त अंधांचं दुखणं नाही. अशा फॉन्टमधल्या प्रबंधात 'हळद' शोधलीत तर तुम्हालाही सापडणार नाही, कारण आत 'हळद' हा शब्दच नाही. म्हणून टायपिंगला देतानाच सांगायचं, "युनिकोडमध्येच हवं." युनिकोड म्हणजे मराठी अक्षर पोटातही मराठीच साठवणारी पद्धत. दर पानाला दोन रुपये जास्त मागितले तरी द्या.

दुसरी गंमत सह्यांची. प्रतिज्ञापत्रावर आणि मार्गदर्शकांच्या दाखल्यावर सही-शिक्का लागतो, म्हणून लोक प्रबंध छापतात, सह्या घेतात आणि मग सगळाच्या सगळा स्कॅन करतात. अहो, सहीची दोन पानं स्कॅन करा की! बाकीची फाइल वर्डमधून सरळ पीडीएफ म्हणून 'सेव्ह' करा. 'प्रिंट'मध्ये जाऊन पीडीएफ काढू नका. दिसायला दोन्ही सारख्याच, पण प्रिंटमधून काढलेल्या फाइलमध्ये शीर्षक कुठलं नि परिच्छेद कुठला याच्या आतल्या खुणा पुसल्या जातात. तुम्ही प्रकरणाचं नाव नुसतं ठळक आणि मोठं केलं तर ती खूण मुळात उमटतच नाही. वर्डमधली 'हेडिंग'ची स्टाइल लावली तर उमटते. मग ती मुलगी 'एच'ची कळ दाबत दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाते, तुम्ही पानं चाळता तशी. शिवाय अनुक्रमणिका आपोआप तयार होते. रात्री दोन वाजता हातानं पानांचे आकडे टाकलेल्यांना या सुखाची किंमत कळेल.

आमच्या त्या प्रबंधाचं पुढं काय झालं ते सांगतो. लेखकांना फोन केला. सॉफ्ट कॉपी सीडीवर होती आणि ती सीडी आता कुठलाच संगणक वाचेना. मग स्कॅनवरून ओसीआर केलं, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून ओळखून घेतली. छपाई बरी होती, तरी रफार गळाले, जोडाक्षरं फुटली, आणि 'पेव'चं जागोजागी 'पेच' झालं! चाळीस पानांचं एक प्रकरण दुरुस्त करायला आम्हा दोघांना चार संध्याकाळी लागल्या. मी मूळ पान मोठ्यानं वाचायचो, ती कानानं फाइल तपासायची. माझ्या नजरेतून सुटलेल्या चुका तिच्या कानानं पकडल्या. लेखकानं पहिल्या दिवशीच युनिकोडची फाइल दिली असती, तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

चौथ्या संध्याकाळी ती मध्येच थांबली.

"सर, इथं नुसतं 'ग्राफिक' म्हणतंय. काय आहे?"

फोटो होता. खाली ओळ होती, 'छायाचित्र ४ : पेव'.

"पेवाचा फोटो आहे," मी म्हणालो.

"ते खाली लिहिलंयच. फोटोत काय आहे?"

मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. "जमिनीत गोल तोंड आहे. कडेला मातीचा ढीग. एक दोर आत सोडलाय."

स्क्रीन रीडरला फोटोऐवजी वाचता यावं म्हणून असलेल्या वर्णनाच्या चौकटीत ती टाइप करत होती. "माणूस आहे?"

"आहे. म्हणजे कडेला उभा आहे, पण फोटोत त्याचे पाय तेवढे आलेत."

"मग पाय आहेत असं लिहू," ती म्हणाली, आणि लिहिलं.