तोंड आलंय? पाठही दाखवा

नमस्कार श्रोतेहो. तोंड आलं की काय करायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुरटीच्या गुळण्या, गुलकंद, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. साधं तोंड आठ-पंधरा दिवसांत बरं होतं. तीन आठवडे उलटूनही जखमा तशाच असतील, तर ती उष्णता नव्हे. पुन्हा सांगतो, तीन आठवडे.

घाटंजीकडच्या सासू-सुना आमच्या ओपीडीत आल्या. सून तोंडाला पदर लावून गप्प. काय होतं म्हणून विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "डाक्टर, दिवाळीपासून हे माह्याशी भांडलीच नाही. तवाच म्या वयखलं का हिचं काहीतरी बिनसलं!" मी हसलो, सिस्टर हसल्या. सून हसायला गेली आणि तिच्या ओठातून रक्त आलं. मग कोणी हसलं नाही.

आधी ठेचा सुटला, मग भाकर. शेवटी ताकात कालवलेल्या कण्या कशाबशा गिळायची. (कण्या हल्ली शिजवतं कोण म्हणा! पाहुणा आला की नूडल्सचं पाकीट फोडतात. असो.) कुणी उष्णता सांगितली, कुणी दात उपटला. दात गेला, जखमा राहिल्या. घरात तिचं ताट वेगळं झालं होतं. मी म्हटलं, पाठ दाखवा. सासूबाई उखडल्या, "दुखते तोंड, अन् पाठ काहून पायता?" पाठीवर दोन ढिले फोड होते, एक फुटून लालभडक झालेला. कापूस वेचताना घासलं असेल, असं सुनेला वाटत होतं.

हा पेम्फिगस. आपल्याच शरीराचं संरक्षण दल बिथरतं आणि कातडीच्या पेशींना जोडून ठेवणारे दुवे तोडतं. बहुतेकदा सुरुवात तोंडात होते, अंगावर फोड काही महिन्यांनी येतात. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. लागत नाही! ताट वेगळं करू नका. छोटासा तुकडा काढून तपासला की निदान पक्कं होतं. स्टेरॉइड येण्याआधी यात बहुतेक रोगी दगावत. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरिचा यांनी दर महिन्याला सलाइनमधून स्टेरॉइडचा मोठा डोस देण्याची पद्धत सुरू केली. आता रिटुक्सिमॅब नावाचं इंजेक्शनही आहे. मात्र बरं वाटलं म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. डॉक्टर सांगतील तशाच कमी करायच्या.

दुसरा रोग लायकेन प्लॅनस. मनगटावर खाजरे, जांभळट, चपटे पुळे, गालाच्या आत पांढरी जाळी. जाळी जळजळत असेल तर स्टेरॉइडची पेस्ट, जागा कोरडी करून, रात्री. थोड्या जणांना त्या जागी पुढे कर्करोग होतो, म्हणून तोंड अधूनमधून दाखवत राहायचं. आणि त्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा? चौकाचौकात घोटतात, शाळेच्या फाटकापाशीसुद्धा, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

नागपूर, यवतमाळ, अकोल्याचं मेडिकल, सेवाग्राम, सगळीकडे त्वचारोग विभाग आहे. येताना घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणा. "पांढरी गोळी होती" एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.