माळ्यावरचा पारा
(इंदूरच्या एका मराठी महिला मंडळातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

इंदूरकरांना कचऱ्याबद्दल काय सांगायचं, असं मी संयोजक ताईंना आधीच विचारलं होतं. २०१७ पासून स्वच्छतेच्या यादीत आपलं गाव शोधावं लागत नाही. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा हे सहा प्रकार आपल्याकडची पोरंसुद्धा बोटांवर मोजून दाखवतात. गाडीचं गाणं ऐकू आलं की हातातली पोह्यांची बशी ठेवून माणूस फाटकाशी पळतो.

तरी एक विचारते. माळ्यावर, जिन्याखाली किंवा कपाटामागच्या फटीत जळलेली ट्यूबलाइट कोणाकोणाकडे आहे? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. माझ्याकडे सात निघाल्या. एलईडी आले तेव्हा जुने चोक अटालेवाल्यानं, म्हणजे भंगारवाल्यानं, हसत नेले, त्यात तांबं असतं. ट्यूबला मात्र त्यानं हात लावला नाही. तिच्यातून त्याला काही सुटत नाही. मग ती आपल्याकडेच राहते, वर्षानुवर्षं, कोपऱ्यात भिंतीला टेकून.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, म्हणून थोडं आत शिरते. ट्यूबमध्ये किंचित पारा असतो. ट्यूबमधून वीज वाहू लागली की त्याच्या वाफेतून अतिनील किरण निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. काचेला आतून लावलेली पांढरी पावडर ते शोषून घेते आणि आपल्याला उजेड देते. अलीकडच्या ट्यूबमध्ये साधारण पाच मिलिग्रॅम पारा असतो, म्हणजे जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढा. जुन्या जाड्या ट्यूबांत याच्या कितीतरी पट. आणि तो काचेत बंद आहे तोवर तुम्हाला काहीही करत नाही. माळ्यावर दहा वर्षं राहू द्या, शांत असतो. जे काही होतं ते फुटल्यावर.

आणि फोडतो आपणच. चार फुटांची ट्यूब डब्यात मावत नाही, म्हणून गोणपाटात गुंडाळून तिच्यावर दगड घालणारी माणसं मी पाहिली आहेत, चांगली शिकलेली. लहानपणी अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला आम्ही रात्रभर जागायचो. पुढे आखाड्यांची पोरं कसरती करत चालायची. त्यातला एखादा छातीवर ट्यूब फोडून घ्यायचा. फटाक्यासारखा आवाज, पांढरा धूर, टाळ्या. आत वायूचा दाब फार कमी असतो, म्हणून तो आवाज येतो. धुरात काय होतं ते तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

आमची आजी म्हणायची, ट्यूबची काच लागली तर जखम भरत नाही. ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. सुरुवातीच्या काळात त्या पांढऱ्या पावडरीत बेरिलियमची संयुगं असत, आणि ती शरीरात गेली की जखम खरंच चिघळायची. अमेरिकेत १९४९ च्या सुमारास कारखान्यांनी ते वापरणं बंद केलं. बेरिलियम गेलं, समज मात्र राहिला. आणि ज्या पाऱ्याची भीती वाटायला हवी, त्याची कोणाला वाटेना.

आता समजा दहा बाय बाराच्या खोलीत एक ट्यूब फुटली आणि पाचही मिलिग्रॅमची वाफ झाली. घनमीटरला दीडशे मायक्रोग्रॅमच्या जवळपास जातं. वर्षभराच्या सरासरीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस एक मायक्रोग्रॅमची आहे. घाबरू नका, सगळ्याची एकदम वाफ होत नाही. बराचसा पारा पावडरीला आणि काचेला चिकटून असतो आणि कित्येक दिवस थोडा थोडा सुटत राहतो. म्हणून फुटल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत आपण काय करतो, त्यावर पुष्कळ अवलंबून असतं.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. सातांपैकी एक माझ्याच हातून जिन्यावर पडली. जाऊबाई लगबगीनं केरसुणी घेऊन आल्या. मी ओरडलेच, “वहिनी, केरसुणी नको!” केरसुणीनं ती पावडर उडते, आणि मग तीच केरसुणी आपण देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत फिरवतो. व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट, तो वाफ खोलीभर फुंकतो. आम्ही नातवंडांना बाहेर काढलं, पंखा बंद केला, खिडक्या उघडल्या आणि पंधरा मिनिटं अंगणात जाऊन बसलो. मग हातात पिशव्या घालून लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यानं काचा गोळा केल्या, बारीक चुरा चिकटपट्टीनं उचलला, फरशी ओल्या कागदानं पुसली, आणि तो कागद, ती पट्टी, तो पुठ्ठा, सगळं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून झाकण घट्ट लावलं. वहिनी दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

उरलेल्या सहा मी वर्तमानपत्रात गुंडाळल्या, सुतळीनं बांधल्या आणि सकाळी गाडीवरच्या मुलाच्या हातात दिल्या. हातातच द्यायच्या, गाडीत फेकायच्या नाहीत. फुटली तर ती वाफ पहिल्यांदा त्याच्या नाकात जाते, तुमच्या नाही. तो म्हणाला, “आंटी, साबुत हैं? लोग तो चूरा करके देते हैं.”

२०१६ च्या घनकचरा नियमांत ट्यूब, सीएफएल, रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, मुदत संपलेली औषधं, वापरलेल्या सुया, सेल, फुटलेले थर्मामीटर या सगळ्यांना घरगुती घातक कचरा म्हटलं, आणि दर वीस चौरस किलोमीटरला तो जमा करायचं एक केंद्र असावं असं लिहिलं. पुढे बंदिस्त यंत्रात ट्यूब चिरडतात, टोपणांचं ॲल्युमिनियम, काच आणि पावडर वेगळी करतात, आणि पावडर तापवून पारा परत मिळवतात. नव्या ट्यूबा तर पुढे येणारच नाहीत. पाऱ्यावरच्या मिनामाता करारात २०२३ साली ठरलं की ट्यूबांचं उत्पादन २०२७ पर्यंत थांबवायचं. म्हणजे हा प्रश्न यापुढे दुकानातला नाही, माळ्यावरचा आहे.

जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा बारा कंटेनरांतून आपल्या जवळच्या पीथमपूरला आला. तेव्हा आपल्या घराघरांत केवढी काळजी होती! तीस किलोमीटरवर विष आलं म्हणून. काळजी रास्तच होती. पण त्याच आठवड्यात माझ्या ओळखीच्या एका घरातल्या औषधाच्या डब्यात थर्मामीटर फुटला, आणि त्यातला पारा बेसिनमध्ये धुऊन टाकला गेला. काचेच्या थर्मामीटरमध्ये एक ग्रॅमच्या आसपास पारा असतो. हिशेब करा, नव्या दोनशे ट्यूबा.

मागून काकूंनी चिठ्ठी पाठवली आहे. उज्जैनहून आणलेलं पारद, म्हणजे पाऱ्याचं, शिवलिंग देवघरात आहे, त्याचं काय? काकू, असे पुष्कळसे शिवलिंग शिसं आणि कथलाचेच असतात. खरं असेल तर त्यात पारा दुसऱ्या धातूंत मुरवलेला असतो, आणि तो थोडा थोडा सुटू शकतो. शिसं असो की पारा, पोटात दोन्ही नको. पूजा करा, पण बंद खोलीत ठेवू नका, गरम पाण्यानं अभिषेक करू नका, आणि त्याचं तीर्थ कोणाला देऊ नका, नातवाला तर अजिबात नाही. काय म्हणता? तीर्थ रोज घेता? किती वर्षं झाली? कार्यक्रम संपला की थांबा जरा, आपण बोलू.