45 अंशांवर कोण टिकतो?

(बाणगंगा, सकाळ. कॅमेरा पायऱ्यांवरून पाण्याकडे.)

वाळकेश्वरची बाणगंगा. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी तळ्याचं पाणी गोडं. गोडं पाणी म्हटलं की अमिबा आलाच. तळ्यात, हौदात, कुंडीखालच्या ताटलीतसुद्धा. शाळेच्या वहीत आपण काढायचो तोच, वेडावाकडा, छद्मपाद पसरलेला. बॅक्टेरिया खातो, आपल्या वाटेला जात नाही. बातम्यांमधला ‘मेंदू खाणारा अमिबा’ दिसायला याच्यासारखाच, पण कुळाने वेगळा. नेग्लेरिया फाउलेरी. नेग्लेरियाच्या 40हून अधिक जाती माहीत आहेत. माणसाच्या जिवावर उठलेली आजवर ही एकच.

(परळ. प्रयोगशाळेचं टेबल.)

परळमधल्या एका कॉलेजची ही प्रयोगशाळा. बाटलीतलं पाणी बाणगंगेचं नव्हे, कॉलेजच्याच आवारातल्या हौदाचं.

प्लेटमध्ये साधा आगर, म्हणजे घट्ट जेली, त्यात खायला काहीच घातलेलं नाही. वर ई. कोलाय बॅक्टेरियाचा पातळ थर, हे अमिबाचं जेवण. मधोमध थेंब सोडायचा आणि प्लेट 45 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये. मुंबईचा मे महिनाही इतका तापत नाही. हौदातले बहुतेक अमिबे या उष्णतेत वाढतच नाहीत. फाउलेरी वाढतो.

(प्लेट उजेडात तिरकी धरलेली.)

दोन दिवसांनंतर. थेंबाभोवतीचा दुधट थर बघा, गोलाकार चाटूनपुसून साफ. कडेला दाणेदार दिसतंय, ते अमिबे.

आता त्या कडेचा छोटा तुकडा डिस्टिल्ड वॉटरमध्ये. तास-दोन तास वाट बघायची. अकॅन्थअमिबा, म्हणजे पाण्यात सापडणारा दुसरा एक अमिबा, असेल तर सरपटतच राहील. त्याच्या अंगावर काट्यांसारखी टोकं, आणि सिस्ट, म्हणजे कवचात मिटलेलं रूप, कोनेदार. नेग्लेरियाचं सिस्ट गोल. आणि पाण्यात पडला की तो... हा बघा. सरपटणं थांबलं, अंग लांबट झालं, दोन कशाभिका, चाबकासारखे धागे, फुटल्या आणि गेला पोहत, भिंगाच्या चौकटीबाहेर. एवढ्या दृश्यासाठी आम्ही अख्खी दुपार मायक्रोस्कोपला चिकटून होतो. पुन्हाही बसू.

पण इतक्यावर ‘सापडला’ म्हणून ओरडायचं नाही. फाउलेरीला एक सख्खा भाऊ आहे, नेग्लेरिया लोव्हानिएन्सिस. तोही 45 अंशांवर वाढतो, तोही पोहतो, भिंगाखाली दोघं अगदी सारखे. तो मात्र निरुपद्रवी. इथे डोळ्यांचं काम संपतं आणि पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या तपासणीचं, सुरू होतं. डीएनएमधल्या आयटीएस नावाच्या तुकड्यावरून दोघं वेगळे निघतात. आपल्या हौदातला लोव्हानिएन्सिस निघाला.

फाउलेरीची लागण पाणी प्यायल्याने होत नाही, नाकात शिरलेल्या पाण्यातून तो मेंदूत पोचतो, आणि लागण झालेल्या 100 जणांतले 97 किंवा त्याहून जास्त दगावतात. 2024मध्ये केरळमधला 14 वर्षांचा एक मुलगा वाचला. निदान लवकर झालं होतं, उपचार तातडीने सुरू झाले होते.

(मुली एकेक करून भिंगात डोकावतात.)

आगर, ई. कोलाय, इन्क्युबेटर. हे सामान मायक्रोबायोलॉजीच्या कुठल्याही विभागात असतं. बघायला शिकवणारं माणूस हवं, आणि ते प्रत्येक विभागात असायलाच हवं.

मॅडमनी या मुलींना आधीच बजावलंय: रुग्णाच्या पाठीतलं पाणी तपासायला आलं तर फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. गारठलेला अमिबा हलत नाही. आणि न हलणारा अमिबा भिंगाखाली पांढऱ्या पेशीसारखा दिसतो.