सही दोघांची लागते
(अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आवरून)

नमस्कार मंडळी. दूध गरम आहे तोवर बोलून घेते, नाहीतर मग तुम्ही भाषणाकडे नाही, सायीकडे बघत बसाल. पत्रिकेत माझ्या नावापुढे 'कोजागिरीच्या आठवणी' असं छापलंय, पण गच्ची, भेंड्या, केशर कमी आणि जायफळ जास्त, हे तुम्हाला माझ्याइतकंच पाठ आहे. मी आज दुसरंच बोलणारे, कमिटीने सांभाळून घ्यावं.

मागे एकदा आमच्याकडे जेवताना मुलाची आणि सुनेची जुंपली. विषय काय, तर डिशवॉशर कसा लावायचा. आणि मुलगा हसत हसत म्हणाला, "बघ हं, तुझ्या फॉर्मवर माझी सही व्हायचीये अजून." ह्यांना हसून ठसका लागला, सूनही हसली. नंतर ओट्यापाशी ती मला हळूच म्हणाली, "आई, तो गंमत करतो हे कळतं हो मला. पण भांडण झालं की मी आधी कार्डावरची तारीख बघते."

तेव्हापासून माझ्या डोक्यात ती तारीख बसलीये.

आता तुमच्यातल्या निम्म्यांना वाटत असेल, कसली तारीख, सिटिझनशी लग्न झालं म्हणजे झाली की ती पण सिटिझन. आमच्या सांगलीच्या आत्याबाईंनी तर साखरपुड्यालाच पेढे वाटले, "पोरगी अमेरिकन झाली" म्हणून. तसं काही होत नाही हो! लग्नाने मिळतो तो फक्त ग्रीन कार्डाला अर्ज करायचा हक्क. आणि कार्ड मंजूर होताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ते कंडिशनल, दोनच वर्षांचं. हा नियम १९८६ चा, खोट्या लग्नांना आळा घालायला आणलेला. मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत ती अट काढून घ्यायला आय-७५१ फॉर्म भरायचा, तो दोघांनी मिळून, दोघांच्या सह्यांनी. बाकीच्यांना सिटिझनशिपसाठी पाच वर्षं थांबावं लागतं, सिटिझनच्या बायकोला तीन, पण ती तीन वर्षं नवरा-बायको म्हणून एकत्र राहिलेली हवीत. आणि शपथ घेईपर्यंत पोरगी भारतीयच. लग्नाने तिचा भारतीय पासपोर्ट जात नाही, तो जातो इथली सिटिझनशिप घेतल्यावर.

पूर्वी मात्र आत्याबाईंचं बरोबर होतं. १८५५ च्या कायद्याने इथल्या सिटिझनची परदेशी बायको लग्नाबरोबर आपोआप सिटिझन व्हायची, अर्थात तेव्हाच्या नियमात बसणारी, म्हणजे गोरी असेल तर. आणि उलटं बघा, १९०७ पासून अमेरिकन बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं की तिचीच सिटिझनशिप जायची! १९२२ च्या केबल कायद्याने हे बरंचसं बंद केलं, पण नवरा सिटिझनशिपला 'अपात्र' असेल तर बायकोची जायचीच. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड, म्हणजे इथली सिटिझनशिप मागणारे एक पंजाबी शीख, यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणजे आपण सगळे अपात्रांत. थिंडचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव ऐकून थेट सदाशिव पेठेतले वाटतात, पण गुजरातेतून आलेले. पुढे सरकार त्यांचीही सिटिझनशिप काढून घ्यायला निघालं, तेव्हा ते कोर्टात म्हणाले, माझी गेली तर माझ्या अमेरिकन बायकोचीही जाईल, तिला कुठलाच देश उरणार नाही. ते जिंकले. त्या बाईच्या मनात खटला चालू असताना काय चाललं असेल, हे मला सुनेच्या त्या वाक्यानंतर पहिल्यांदा जाणवलं.

आमच्या वेळी, म्हणजे एरोग्राम आणि ट्रंक कॉलच्या काळात, दोघंही एकाच व्हिसावर लटकलेले, त्यामुळे भांडण बरोबरीचं व्हायचं. इंटरव्ह्यूला ऑफिसरने विचारलं, घरात कचरा कोण टाकतं, आणि हे छातीठोकपणे म्हणाले, "मी." शपथेवर! लग्नाचा पुरावा मागितला तर मी आहेराची वही काढून ठेवली होती, कुणी पितळी डबा दिला आणि कुणी एकशे एक, सगळं तारीखवार. ऑफिसरने बघितलीसुद्धा नाही.

पण आता चेष्टा बाजूला. आपण पत्रिका जुळवतो, छत्तीस गुण मोजतो, बायोडेटात उंचीच्या आधी 'यूएस सिटिझन' लिहितो. मग ती पोरगी इथे येते, लीज त्याच्या नावावर, बँक खातं त्याचं, फोनचा प्लॅन सासऱ्यांचा, आणि दोन वर्षांनी दोघांच्या एकत्र संसाराची कागदपत्रं मागितली की सगळे धावतात. अहो, पहिल्याच महिन्यात घाला ना तिचं नाव! आणि हे तर मंडळात कुणी बोलतच नाही, की नवऱ्याची सही नसली म्हणजे सगळं संपलं असं नाही. घटस्फोट झाला किंवा घरात मारहाण असेल तर तिला एकटीने तोच फॉर्म भरता येतो, लग्न खरं होतं आणि हे असं घडलं, ते दाखवून. हे किती सुनांना माहितीये? सासवांना माहितीये का, ते नंतर विचारते.

आणि आपला देश यात वेगळा आहे असंही नका समजू. आपल्या अमेरिकन जावयांना लग्नावर ओसीआय कार्ड, म्हणजे भारतात हवं तेव्हा जायची-राहायची परवानगी, मिळतं, रजिस्टर्ड लग्नाला दोन वर्षं झाल्यावर. घटस्फोट झाला की ते रद्द होऊ शकतं. भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्याला नागरिकत्वाच्या अर्जाआधी भारतात सात वर्षं राहावं लागतं. म्हणजे नातं आणि कागद तिथेही बांधलेलेच.

मुलाशी मी बोलले. त्याने ती गंमत परत केली नाही, आणि खरं सांगते, तो वाईट नाहीये. म्हणून तर जास्त लागतं, की जिथे माणूस चांगला आहे तिथेही पोरगी तारीख बघते, मग जिथे ते वाक्य गंमत म्हणून म्हटलेलं नसतं, तिथे काय?

एखादी मुलगी एका गणपतीला दिसते, छान मोदक वळते, पुढच्या गणपतीला दिसत नाही. आपण विचारतो, तो म्हणतो, "बरं नाहीये तिला", आपण आरतीला उभे राहतो. मंडळाने यात पडावं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पडलो तर लोक म्हणतील मंडळ घरं मोडतंय, आणि कुणाच्या दारात जाऊन काय विचारायचं हेही मला सुचत नाही. कमिटीत कुणाला सुचत असेल तर दुधाच्या रांगेत मला गाठा.