गाडीचा गंज, गुळाचं पिंप आणि हवालदारसाहेब

नमस्कार मंडळी.

आज बोलायचंय जुन्या गाडीच्या गंजाबद्दल. घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एखादी फियाट उभी असते ना, वडिलांनी विकू दिली नाही आणि पोरांनी चालवली नाही अशी, ती घरच्या घरी परत उभी करायची तर हात कुठं घालायचा, एवढाच विषय. इंजिनाचं आज काढत नाही. इंजिन कोल्हापुरात उद्यमनगरात करून मिळतं, ज्या गावानं विहिरींवर ऑइल इंजिनं बसवली त्या गावाला फियाटचं 1089 सीसीचं इंजिन म्हणजे किस झाडकी पत्ती. पण पत्रा गेला की गाडी गेली, आणि आपल्याकडं पत्रा जातोच, चार महिने ओल, त्यात 2019 आणि 2021 ला पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी सोडून पन्नाशीच्या वर गेली, तेव्हा ज्या गाड्या पाण्यात होत्या त्यांच्या दाराखालच्या पोकळीत आजसुद्धा गाळ सापडतो.

तर पहिली गोष्ट. गंज झाकायचा नाही, काढायचा. परत सांगतो, झाकायचा नाही, काढायचा. बरेच जण काय करतात, वरनं पॉलिश पेपर मारला, लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी भरली, रंग उडवला, गणपतीला गाडी दारात चकाचक. लांबी पाणी शोषते, खाली गंज जिवंत असतो, कीड न काढता दात भरल्यासारखं ते, पुढच्या पावसाळ्यात फोड येतातच. आणि रंगाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, या गाड्यांना तो मॅट काळा रंग मारून मागं ढॅणढॅण सायलेन्सर लावणाऱ्यांशी मी बोलत नाही. क्रीम किंवा फिकट निळा. बास.

बघायचं कसं? मॅट उचला, स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि फ्लोअरला, डिकीच्या तळाला, दाराच्या खालच्या कडेला, बॅटरीच्या खाली टोचत जा. टण्ण वाजलं तर वरवरचा गंज आहे, घासून जाईल. कचकन आत गेलं तर तो पत्रा कापून नवा लावायचा, दुसरा इलाज नाही.

आता गुळाची गोष्ट. खरं म्हणजे ही सांगायला मिळावी म्हणूनच मी आज हो म्हटलं.

मामांच्या 1974 च्या गाडीचं सगळं बारकंसारकं सामान, बिजागऱ्या, बॉनेटचं लॉक, सीटच्या पट्ट्या, जॅक, सगळं तांबडंलाल झालेलं. बिजागरीच्या खाचेत वायर ब्रश पोचत नाही. ॲसिडात टाकलं तर गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं. परदेशातले हौशी लोक यासाठी साखर कारखान्याची मळी वापरतात, एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी, त्यात वस्तू दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायची, गंज पाण्यात उतरतो आणि लोखंड राहतं. आता कोल्हापूर जिल्ह्यात मळीला काय तोटा, पण मळीपासून दारू होते म्हणून तिच्यावर एक्साइजची नजर, परवान्याशिवाय पिंपभर मळी घरी आणता येत नाही. तर मामा म्हणाले, "मळी नको तर गूळ घाल की, माय-लेकीच त्या." आणि त्यात तथ्य आहे बरं का, कच्छमधले अजरख छापणारे कारागीर काळा रंग करायला गंजकं लोखंड आणि गूळच भिजत घालतात, पाणी आंबतं आणि लोखंड त्यात उतरतं.

पाहुण्यांचं गुऱ्हाळ आहे करवीर तालुक्यात, तिथनं पाझरलेला, विकायला न जाणारा गूळ आणला. काळा गूळ. लोकांना पिवळाधमक गूळ पाहिजे असतो, तो पिवळा कशानं होतो हे माहीत असूनसुद्धा, आणि वर गुळाचा चहा प्रकृतीला बरा म्हणून सांगतात. असो. निळं पिंप परसात ठेवलं, गूळ कालवला, सामान तारेला बांधून सोडलं.

आठवड्यात पिंप बोलायला लागलं. वर फेस, आतनं बुडबुडे, आणि वास असा की शिवाजी पेठेतल्या आमच्या अख्ख्या गल्लीत जो येईल तो नाक वर करून थांबायचा. शेजारच्या काकूंनी पहिल्या दिवशी खिडकी लावली, दुसऱ्या दिवशी आमच्या आईला विचारलं, "पोरगं काय धंद्याला लागलंय गं?" आई म्हणाली, गाडी दुरुस्त करतोय. काकू म्हणाल्या, "गाडी पिंपात?" त्यावर आईकडं उत्तर नव्हतं. एका संध्याकाळी तालमीकडचे एक आजोबा आले, कापडी पिशवीत रिकामी बाटली, इकडं तिकडं बघत हळूच म्हणाले, "पावशेर कितीला?" मी म्हटलं आजोबा, ह्यात बिजागऱ्या आहेत. ते म्हणाले, "असू देत की, गाळून दे."

आणि मग कुणीतरी फोन केला. कुणी केला ते मला माहीत आहे, पण खिडकी अजून शेजारीच आहे, तेव्हा जाऊ द्या. सकाळी दारात हवालदारसाहेब.

"पिंपात काय हाय?"

"गाडी हाय साहेब."

"सकाळी सकाळी चेष्टा करालायस काय?"

ढक्कन काढलं. साहेब दोन पावलं मागं. मी आकड्यानं तार ओढून बिजागरी वर काढली, काळ्या चिकट साईत बुडालेली, नळाखाली धरली आणि जुन्या दात घासायच्या ब्रशनं दोन हात मारले. काळं सगळं वाहून गेलं आणि खाली करडं, स्वच्छ लोखंड, खाचेतला दाणासुद्धा निघालेला, वर कारखान्यात ठोकलेला नंबर वाचता येत होता. साहेबांनी ती हातात घेतली, उघडझाप केली, परत केली. कानाशी घेऊन ऐकली. मग फाटकाकडं गेले, मोटारसायकलला किक मारली, परत बंद केली, आणि तिथनंच विचारलं, "आमच्या वडलांच्या राजदूतचं मडगार्ड मावंल काय त्यात?"

मावलं, जरा तिरकं घालायला लागलं. काकूंची खिडकी मात्र पिंप रिकामं होईस्तोवर उघडली नाही.

आता हे करणार असाल तर एक ध्यानात ठेवा, गुळाच्या किंवा मळीच्या पाण्यात फक्त लोखंड घालायचं. ॲल्युमिनियम नाही, जस्त नाही. आमचा भाचा उत्साहात कार्बोरेटर सोडायला निघाला होता, हातातनं ओढून घेतला, कारण कार्बोरेटर जस्ताच्या मिश्रधातूचा, तो विरघळायला लागतो. फक्त लोखंड. आणि बाहेर काढलं की धुवा, पुसा, उन्हात वाळवा आणि लगेच प्रायमर मारा. चहाला गेलात तर येईपर्यंत परत तांबूस झाक आलेली असते.

घाई असेल तर बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा. सोड्याच्या पाण्यात गंजकी वस्तू मायनसला, भंगार लोखंडाची पट्टी प्लसला, रात्रीत काम होतं. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, त्यातनं विषारी क्रोमियम पाण्यात येतं. आणि हे उघड्यावर करायचं, हायड्रोजन निघतो, जवळ बिडी-काडी नको.

पत्र्याचं राहिलं. 18 किंवा 20 गेज जाडीचा सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड, पत्रा घ्या, वेल्डिंग सलग ओढू नका, लांब लांब ठिपके टाकत जा, नाहीतर पत्रा तापून वाकतो. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी आधी काढून लांब ठेवा, हे सांगायला नको, तरी सांगतो. फियाटला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, बॉडी हीच चासी, म्हणून दाराखालचा पत्रा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरता टॅक करून घ्या. नाहीतर गाडी मधनं बसते आणि मग दारं लागत नाहीत. रंगकाम उन्हाळ्यात, पावसाळ्यात अजिबात नाही.

दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात येते तेव्हा सगळे मोबाईल वर करून तिचे फोटो काढतात, पण तिच्या पत्र्याच्या कडा बघा कधीतरी, दाराच्या फटी बघा, वर्षभर कुणीतरी तिच्यामागं असतं म्हणून त्या तशा आहेत. हल्लीच्या गाड्यांना एवढाला टीव्ही आणि पत्रा बोटानं दबतो, त्यावर मी वेगळं भाषण देईन, कुणी बोलावलं तर.

शेवटी कागदपत्रं. पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपातली गाडी असेल तर 2021 च्या नियमांनी तिची व्हिंटेज म्हणून नोंद होते, नवीन नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी, पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. भाजीला जायचं असेल तर हे करू नका, साधी आरसी रिन्यू करा. दोन्हीकडं चासी नंबर तपासतात, तो बॉडीच्या पत्र्यावरच ठोकलेला असतो, तेव्हा ग्राइंडर चालू करायच्या आधी तो कुठं आहे ते शोधा, आरसीशी जुळवा, फोटो काढा आणि वर जाड टेप लावून ठेवा.