आचार्य, आचारी आणि जुनं गिऱ्हाईक

(दृश्य: अप्पा बळवंत चौक, सकाळची वेळ. टेम्पोतून पुस्तकांचे गठ्ठे उतरताहेत.)

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून कुठल्याही बोळात शिरा, पुस्तकांशी काही ना काही संबंध असलेलं दुकान लागतंच. माझी खोली तिथून दहा मिनिटांवर, शनिवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. पाटी लावलेली नाही. मी अक्षरजुळणी करते, पानं लावते. घरबसल्या, पानाच्या दरावर. हल्ली याला फ्रीलान्स म्हणतात. आई अजून लोकांना ‘ती बाहेरची कामं घेते’ असं सांगते, आणि मी तर दिवसेंदिवस उंबरा ओलांडत नाही.

(दृश्य: जुन्या दिवाळी अंकांची चळत.)

१९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा पानं जुळवणारा माणूस अक्षरांचे शिशाचे खिळे उचलायचा आणि छापखान्याचा पगार घ्यायचा. मला पगार नाही. आठ-दहा गिऱ्हाइकं आहेत, त्यातली सहा जुनी. सगळं घर त्या सहांवर चालतं.

(दृश्य: संगणकाचा पडदा. बाजूला लाल शाईने रंगलेलं प्रूफ, म्हणजे तपासायची छापील प्रत.)

हंगाम जूनमध्ये सुरू होतो. ‘यंदा अंक काढायचा म्हणतोय, तुम्ही आहात ना?’ असा फोन येतो. तेव्हा सगळे निवांत असतात. सप्टेंबरमध्ये तीच माणसं रात्री अकराला प्रुफाच्या पानाचा फोटो पाठवतात. फोटो तिरपा, आणि नेमक्या दुरुस्तीवर अंगठा. मग एक जाहिरात उशिरा येते, ती बसवायला कथा अर्ध्या पानाने ढकलायची, आणि १६ पानांचा अख्खा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापायची पानं, हलतो.

पूर्वी मी सगळ्याला ‘हो, करते’ म्हणायचे. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून. त्याने गिऱ्हाईक तुटलं नाही, माझी कंबर मोडली. आता जूनमध्येच, सगळे हसतखेळत बोलत असताना सांगते: दोन प्रुफं दरात धरलेली, तिसऱ्याचे वेगळे पैसे. दुरुस्त्या एकाच कागदावर, एकाच माणसाच्या अक्षरात. फोनवर बोलून पाठवलेली दुरुस्ती मी ऐकते, पण करत नाही. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवते आणि समोरून ‘ठीक’ आल्याशिवाय पहिलं पान उघडत नाही. एका संपादकांना हे फार लागलं. ‘आपल्यात कागद कशाला?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘सर, आपल्यात भांडण नको म्हणून.’ ते अजून माझ्याकडेच येतात.

(दृश्य: पडद्यावर एकच शब्द, मोठ्या अक्षरात: आचार्यांना.)

पण गिऱ्हाईक टिकवणं म्हणजे काय, हे मला कळलं ते एका घोळामुळे. घोळ माझाच होता.

एका संस्थेची स्मरणिका होती. संस्कृतच्या एका वयोवृद्ध आचार्यांचा अमृतमहोत्सव. मजकूर युनिकोडमध्ये आला, तो मी छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये उतरवला. या उतरवण्यात एक नेहमीची खोड आहे: चंद्रकोरीसारखा अर्धा र गळतो आणि रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’, ‘पुढाऱ्यांना’चं ‘पुढार्यांना’. एकेक दुरुस्त करायला वेळ नव्हता. मी हुकूम सोडला: ‘र्या’ दिसेल तिथे ‘ऱ्या’ कर, सगळीकडे. संगणकाने इमानेइतबारे केलं.

प्रूफ गेलं, आलं, सही झाली, पानं छापखान्यात पोचली. रात्री साडेअकराला उगाच चाळत बसले होते. पहिल्याच पानावर ‘आचाऱ्यांना शतशः वंदन’. पुढे कार्याध्यक्षांचे ‘काऱ्याध्यक्ष’ झालेले. अख्ख्या स्मरणिकेत स्वयंपाक्यांचा सत्कार चालला होता.

प्रुफावर सही संस्थेचं काम बघणाऱ्या काकांची होती. धंद्याच्या रिवाजाप्रमाणे सही झाली की चूक गिऱ्हाइकाची. मी गप्प बसले असते तर मला कोणी काही बोललं नसतं. तो विचार आला नाही असं नाही. चांगली दहा मिनिटं मी तो करत बसले.

मग फोन लावला. ‘काका, झोपला होतात का? माझ्याकडून घोळ झालाय.’

पलीकडे शांतता. मग, ‘छापलंय?’

‘नाही. प्लेटा निघाल्यात, सकाळी सातला मशीनवर जाईल.’

‘नव्या प्लेटांचा खर्च?’

‘माझा.’

‘बरं,’ म्हणाले आणि फोन ठेवला. आभार नाहीत, रागही नाही. पहाटे तीनपर्यंत एकेक र तपासला. बिलातून प्लेटांचे पैसे वजा केले, तेही वेगळ्या ओळीत दाखवून.

(दृश्य: वही, कॅल्क्युलेटर, बिलांची फाईल.)

पैशांचं आता. दिवाळी अंकाचे पैसे अडकतात ते कायम दुष्टपणाने नाही. प्रकाशक जाहिरातदाराची वाट बघतो, वितरकाची बघतो, आणि मी प्रकाशकाची. माझी उद्यम नोंदणी आहे, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद. कायदा सांगतो, लेखी ठरलं नसेल तर १५ दिवसांत आणि ठरलं असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. १ एप्रिल २०२४ पासून आयकराचीही त्याला जोड मिळाली: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च पैसे देईपर्यंत वजावटीत धरता येत नाही. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि मुदत एवढंच छापते. कुणाला ऐकवायला जात नाही. त्यांचे सीए ऐकवतात.

टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या कराची, गंमत वेगळीच. कोणी मला व्यावसायिक समजून दहा टक्के कापतो, कोणी कंत्राटदार समजून एक. माझी हरकत नाही, फक्त कापलेले भरा. आणि ते भरलेत का, हे मी आयकर खात्याच्या माझ्या नावावरच्या कर-उताऱ्यात दर तिमाहीला बघते. मार्चमध्ये आठवण केली की चिडचिड होते, जुलैत केली तर नुसती आठवण असते.

एक गिऱ्हाईक मी सोडलं. तीन अंकांची बाकी, दर वेळी ‘दिवाळीनंतर बघू’. कुठली दिवाळी ते सांगत नव्हते. शेवटच्या अंकाच्या मूळ फायली मात्र देऊन टाकल्या. बरेच जण फायली अडवून ठेवतात. मला ते पटत नाही. अर्धे पैसे आले, अर्धे बुडाले. त्यांच्याच ओळखीने नंतर एक काम आलं, हे मला आजही उमगलेलं नाही.

(दृश्य: खिडकीबाहेर पाऊस. फोन वाजतो.)

गेल्या जूनमध्ये एक अनोळखी नंबर. काकांचा मुलगा, संस्थेचं काम आता तो बघतो. म्हणाला, ‘बाबांनी सांगितलंय, आधी आचारीणबाईंना विचार.’

मी दर सांगितला. पानामागे पाच रुपयांनी वाढवलाय, तेही सांगितलं.

‘बाबा म्हणाले होते, वाढवतील.’

संध्याकाळी फाईल आली. उघडली, आणि शोधखिडकीत पहिलं अक्षर टाकलं: र्या.