शेळी दिली, पण तोवर चूल कशावर पेटणार?

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय शेळीबद्दल. म्हणजे तसं गरिबीबद्दलच, पण सुरुवात शेळीपासून करते.

आमच्या गल्लीतल्या एक मावशी, नवरा गेलेला, रोजंदारीवर जातात. त्यांना मागे कुठल्याशा योजनेत दोन शेळ्या मिळाल्या, शेळ्यांना हार घालून फोटोबिटो झाला. पुढे पावसाळ्यात आठ दिवस काम नाही, त्यात नातवाला ताप, मग मंगळवारच्या बाजारात काळी गेली आणि दिवाळीच्या आधी पांढरी पण. लोक म्हणाले, बघा, यांना दिलं तरी टिकत नाही. तेव्हा मलाही पटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण बांगलादेशात ब्रॅक नावाची संस्था आहे, तिने २००२ साली नेमकं हेच धरलं. गटाचं कर्ज एकदम तळातल्या बाईपर्यंत पोचतच नाही, बाकीच्या म्हणतात ही फेडणार कुठून, आणि ती स्वतःच घाबरते. मग गावालाच एकत्र बसवलं, जमिनीवर गावाचा नकाशा काढला, कुणाच्या घरात काय स्थिती आहे ते गावानेच सांगायचं. अशा घराला गाय नाहीतर शेळ्या, कर्जाने नाही, फुकट. आणि सोबत सुरुवातीचे काही महिने खर्चाला थोडे थोडे पैसे. माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे, कारण शेळी काय एटीएम नाही, गाभण राहिली की पाच महिन्यांनी विणार, मग करडं मोठी होणार, तोवर घरात खायचं काय? शिवाय एक माणूस नेमाने घरी येऊन चारा, लस, बचत सगळं बघणार, दोन वर्षं.

भारतासकट सहा देशांत दहा हजारांवर घरांत हे तपासलं, निकाल २०१५ ला आले. मदत थांबून वर्ष झालं तरी बहुतेक ठिकाणी खाणंपिणं, कमाई मदत न मिळालेल्या तशाच घरांपेक्षा बरी होती. होंडुरासमध्ये मात्र लोकांनी कोंबड्या घेतल्या आणि रोगाने मेल्या, म्हणजे जनावर कुठलं हे पण बघावं लागतं. आपल्याकडे बिहारने दारूबंदीनंतर, २०१८ ला, ताडी-दारू विकून जगणाऱ्या घरांसाठी असंच सुरू केलं.

परवा हे मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, बाई, तेव्हा रोजचे पन्नास रुपये जरी कुणी दिले असते ना, तर पांढरीचं आता चौथं वेत असतं.